हा काढायचा कसा

पहिला मास्क लाइ चिंग-फू यांनी हातात घेतला, उलटा केला, मागचे पट्टे ताणून पाहिले आणि विचारलं, "हा काढायचा कसा?"

"काका, आधी घालून तर बघा!" रुग्णसाहित्याच्या दुकानाच्या मालकीण त्साइबाई हसल्या. "तुमच्या गाडीवर टर्कीभात खायला येते, तेव्हा मी आधी खरकटी वाटी कुठे ठेवायची ते विचारते का?"

काका हसले नाहीत. त्यांनी मास्क काउंटरवर ठेवून दिला.

त्यांची मुलगी वेन-लिंग मागे उभी होती. दुपारचं गिऱ्हाईक आटोपल्यावर गाडी बंद करून ती त्यांना इथे घेऊन आली होती. झोपेत त्यांचा घसा मिटतो आणि श्वास अडतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, झोपताना मास्कमधून हवा सोडणारं मशीन लावा, हृदय हे किती दिवस सोसेल सांगता येत नाही. खुर्चीत नुसती डुलकी लागली तरी तेच व्हायचं. घोरणं एकदम तुटायचं, आणि वेन-लिंग हातातली पळी तशीच धरून त्यांच्या छातीकडे बघत राहायची, ती पुन्हा हलेपर्यंत. घरात आता दोघंच होती.

त्साइबाईंनी दोन मशीनं पुढे मांडली. एकाची हवा रात्रभर एकाच जोराची. दुसरं झोपणाऱ्याचा श्वास ओळखून जोर कमीजास्त करणारं, आवाजही कमी. काकांनी मशीनकडे पाहिलंच नाही. नाकपुड्यांत बसणारा मास्क त्यांनी बोटांत फिरवला.

"आणि हा?"

"हा डोक्यावरून ओढून काढायचा. पण तुमचं तोंड झोपेत उघडं राहतं ना? मग हा नाही चालायचा." त्साइबाईंनी खालच्या खणातून तिसरा काढला. नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा. "याला गालापाशी क्लिप आहे. बोट लावलं की सुटते. आता तरी जीव भांड्यात पडला?"

काकांनी क्लिप उघडली. लावली. परत उघडली.

"मागे खाट आहे," त्साइबाई शटर अर्ध्यावर ओढत म्हणाल्या. "दुपारची झोप तुम्ही काही सोडणार नाही. आज इथेच घ्या. माझा नवरा तर पहिल्या दिवशी म्हणाला होता, हत्तीची सोंड लावलीस मला. आता सोंडेशिवाय झोपत नाही."

काका आडवे झाले. वेन-लिंगने त्यांच्या पायातल्या चपला काढून खाटेखाली सरकवल्या. मशीन सुरू झालं. थोडा वेळ त्यांच्या बोटांनी चादर घट्ट धरली होती, मग बोटं सैल पडली.

हवा आत जात होती, बाहेर येत होती. मध्ये कुठे खंड नव्हता. वेन-लिंग वाट बघत राहिली. खंड पडलाच नाही.

तिला बरं वाटायला हवं होतं. पण तिची नजर मास्कवरून हलेना. वसंतात आईला हॉस्पिटलातून घरी आणलं, तेव्हा आईच्या तोंडावर असाच मास्क होता. शेवटचा श्वास आपल्याच घरात सुटावा, म्हणून रुग्णवाहिकेतला माणूस वाटभर रबरी फुगा दाबत होता. तिचा जीव वाट चुकून मागे राहू नये, म्हणून प्रत्येक पुलावर बाबा वाकून आईला सांगत होते, पूल आला गं. मग आईला बैठकीच्या खोलीत अंथरुणावर ठेवलं. त्या माणसाने विचारलं, मास्क कोण काढणार? बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मुलगा नव्हता. वेन-लिंगच आईच्या कानाशी म्हणाली होती, "आई, घर आलं." आणि तिनेच काढला.

"बघितलंत, किती छान झोपलेत," त्साइबाई आत डोकावल्या. "उठवा आता. ताई, तुम्हीच काढा. जाग येताना आपलं माणूस दिसलं की घाबरत नाहीत." मग त्यांची नजर वेन-लिंगच्या केसांतल्या, आईच्या सुतकाच्या पांढऱ्या लोकरीच्या फुलावर गेली. त्यांचा आवाज खाली आला. "सावकाश. घाई नाही."

वेन-लिंग वाकली. तिचं बोट क्लिपवर टेकलं. नुसतं दाबायचं होतं. बोट दाबेना. मास्कच्या आतली वाफ येत होती आणि विरत होती, आणि तिला वाटलं, मी दाबलं की ही थांबेल.

काकांनी डोळे उघडले. तिचा हात त्यांना दिसला. त्यांनी तिचं मनगट धरलं, इतकं जोरात की बांगडी हाडात रुतली. मास्कमधून आवाज लांबून आल्यासारखा आला.

"घर आलं का?"

"नाही, बाबा." तिने हात मागे घेतला नाही. "घर नाही आलं. दुकानात आहोत आपण. त्साइबाईंच्या."

ते छताकडे बघत राहिले. ट्यूबलाइटकडे, कपाटावर रचलेल्या कुबड्यांकडे. मग मनगट सोडून त्यांनी स्वतःचं बोट गालावरून चाचपत नेलं. एकदा ते निसटलं. दुसऱ्यांदा क्लिप सापडली.

मास्क सुटला. काका उठून बसले. त्यांनी एक श्वास घेतला, मग दुसरा. दोघी बायका त्यांच्या छातीकडे बघत होत्या.

"हाच द्या," ते त्साइबाईंना म्हणाले.

चपला शोधायला ते खाली वाकले. वेन-लिंगकडे न बघताच म्हणाले, "सकाळी माझ्या खोलीत येऊ नकोस. मीच काढून बाहेर येत जाईन. तू दाराबाहेर थांब."

खाटेवर पडलेल्या मास्कमधून हवा अजून येतच होती.