एकेरी हुकूम

१४ नोव्हेंबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. बुसानच्या व्हिडिओ गेम स्पर्धागृहात पडद्यावरील अवकाशयुद्धात आमच्या संघाची दोनच याने उरली होती. कप्तान ग्यूतेकचा हा शेवटचा सामना होता. सोमवारी त्याला सक्तीच्या सैन्यसेवेत रुजू व्हायचे होते. त्याचे रडार निकामी झाल्याने मागून येणारे क्षेपणास्त्र फक्त संघातल्या सर्वांत धाकट्या हानसोलला दिसले. असे क्षेपणास्त्र उष्णतेचा माग काढते. इंजिन विझवून फसवी ज्योत सोडली, की ते तिच्यामागे वळते. त्यासाठी प्रशिक्षक म्हणून मी एकच शब्द ठरवून दिला होता: “विझव!” पण कोरियन रीतीत वाढलेल्या, थोरल्याला अरेतुरे करायला हानसोलची जीभ धजेना. “दादा, आपण कृपया इंजिन...” वाक्य संपण्याआधीच ग्यूतेकचे यान फुटले. हानसोल रडू लागला. “रडतोस काय, गाढवा?” ग्यूतेक म्हणाला. “सोमवारपासून बराकीत मला ‘आपण’ म्हणणारं कोण आहे?” सामन्यात पराभव: दोन डाव विरुद्ध तीन.