नकारानंतरचं पान

बंदराजवळच्या त्या इस्पितळात अतिदक्षता विभागातली खाट कुणाला द्यायची, हे आता संगणक ठरवत असे. त्याने नकार दिला की डॉक्टर तो मान्य करून टाकत. पडद्यावर 'मदत' या नावाखाली डॉक्टरांसाठी ज्या सूचना असत, त्यांत जे लिहिलेलं नाही, ते करता येतं हेच सगळे विसरून गेले होते. या सूचना इस्पितळाच्या गरजेप्रमाणे लिहायचं काम विशाखा केळुसकरकडे होतं. तिने त्यात एक पान घातलं: संगणकाचा नकार डॉक्टरने कसा मोडावा.

ते पान वाचून एका डॉक्टरने नकार मोडला, खाट मिळून एक म्हातारे खलाशी वाचले, आणि व्यवस्थापक सरनोबत तिच्यापुढे येऊन उभे राहिले.

"मॅडम, ते पान आत्ताच्या आत्ता काढा."

"त्यात काही खोटं लिहिलंय का, सर?"

"खोटं नाही. पण सगळेच नकार मोडायला लागले, तर यंत्र कशाला?"

"आणि कुणीच मोडला नाही, तर डॉक्टर कशाला?"

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे."

त्यांच्यादेखतच तिने एक बदल केला. यापुढे प्रत्येक नकाराबरोबर ते पान आपोआप उघडणार होतं. तिचा पासवर्ड बंद करा म्हणून सरनोबत फोनवर ओरडत होते, तेवढ्यात पडद्यावर वरच्या मजल्यावरच्या अतिदक्षता विभागातली नोंद उमटली: 'नकार अमान्य. खाट दिली. डॉ. रेश्मा मुकादम.'

विशाखाने पडदा सरनोबतांकडे वळवला आणि पर्स खांद्याला लावली.