नळापाशी मेणबत्ती

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा, गौलीगुडा नावाच्या वस्तीतलं दीक्षाचं घर. दिवसाआड येणारं पाणी आज नेमकं वंदनेच्या वेळी आलं. आई-वडील बादल्या घेऊन अंगणात पळाले. बुद्धमूर्तीपुढे उरले आबा, म्हणजे तिचे आजोबा, आणि ती.

"दहा मिनिटं बसवत नाही कुणाला?" आबा कडाडले.

"आबा, दहा मिनिटांत नळ जाईल! मग परवापर्यंत काय प्यायचं?" आई अंगणातून ओरडली.

"मग आजपासून या घरातली वंदनाच बंद!" आबा मेणबत्ती विझवायला वाकले.

दीक्षाने झटकन मेणबत्ती उचलली आणि तळहाताच्या आडोशाने नेऊन नळाच्या कट्ट्यावर ठेवली. मागोमाग आलेल्या आबांच्या हातात रिकामा हंडा दिला, आणि वंदनेची पहिली ओळ मोठ्याने म्हणायला सुरुवात केली.