कॉफीच्या स्टॉलपाशी

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी बाबा उसवलेला स्वेटर घालून, माझा डबा घेऊन आले. पाहुण्यांना मोबाइलवर स्टॉलचा रस्ता दाखवणारं ॲप आमची कंपनी पुरवते. मी ते त्यांच्याही फोनमध्ये टाकलं. नावाच्या जागी लिहिलं ‘बाबा’.

“हरवलो तर सापडेन ना? की नवा बाप आणणार?”

“नकाशावर तुमचा ठिपका दिसतो मला. कॉफीच्या स्टॉलपाशी थांबा, आलेच.”

ते दुपारभर थांबले. मी गेले नाही. संध्याकाळी ते डबा तसाच घेऊन घरी परतले, आणि सकाळी उठलेच नाहीत.

आज दुसऱ्याच हॉलमध्ये नवं प्रदर्शन आहे. दारं अजून उघडायची आहेत. तरी नकाशावर माझ्याखेरीज एक ठिपका आहे, कॉफीच्या स्टॉलपाशी. ‘बाबा’. त्यांचा फोन घरी माझ्या कपाटात बंद पडून आहे.

मी तिथे गेले. सगळ्या खुर्च्या एकमेकींवर रचलेल्या होत्या. एकच खाली मांडलेली होती.

मी वळले, तर ठिपका मागे येऊ लागला. मी थांबले की तोही थांबायचा. मग तो हळूहळू माझ्या ठिपक्याला येऊन टेकला.

“बाबा,” मी मागे न बघता म्हणाले, “त्या दिवशी मी खांबाआडून तुम्हाला बघत होते. साहेबांसमोर तुमची लाज वाटली मला.”