साहेबांचे पाच शर्ट

कारखाने कधीच बंद पडले, पण त्यांचं रसायन जमिनीत मुरलेलं. म्हणून घरटी रोज एक कॅन पाणी फुकट मिळायचं. पाणीखात्याच्या साहेबांनी 'नळाचं पाणी शुद्ध आहे' अशा कागदावर सही ठोकली आणि कॅन बंद झाले. लाँड्रीवाल्या काकू भांडायला गेल्या, तर म्हणाले, "काकू, उगाच बाऊ करता तुम्ही!"

आठवड्याने तेच साहेब तणतणत लाँड्रीत आले. पाच शर्ट काउंटरवर आपटले.

"पांढरेशुभ्र दिले होते, पार पिवळे करून ठेवलेत! काय घातलंत यात?"



"काहीच नाही, साहेब. इतके दिवस तुमचे शर्ट कॅनच्या पाण्यात धुवायचे. आता नातीला जे पाजते, त्याच नळाच्या पाण्यात धुतलेत."