दारातल्या चपला

टेलिफोन एक्स्चेंजला निघताना सालोमी रोज एक युक्ती करायची. रोजच्या चपला पुढच्या दारात नीट जोडून ठेवायची आणि कामावरच्या चपला हातात घेऊन, मागच्या दाराने, बावखलाच्या, म्हणजे परसातल्या खोल तळ्याच्या, कडेने अनवाणी सटकायची. दारात चपला दिसल्या की अडीच वर्षांच्या आयरिनला वाटायचं, आई घरातच आहे. मग रडारड नाही की शोधाशोध नाही.

त्या दिवशी सालोमी परतली, तेव्हा दारात तिच्या चपलांशेजारी आयरिनचे चिमुकले सँडल होते. अगदी तसेच, नीट जोडून ठेवलेले. घरात मात्र चिडीचूप.

"आय, आयरिन कुठाय?"

सासू तांदूळ निवडत होती. मान वर न करताच म्हणाली, "असेल इथंच कुठंतरी. सँडल दारातच आहेत की तिचे!"

सालोमी बावखलाकडे धावत सुटली.