सोमवारची हजेरी

"पुढच्या सोमवारी पुन्हा चोरी झाली, तर सातही जण आत जाल!" हवालदार जगदाळ्यांनी हजेरीची वही टेबलावर आपटली.

"साहेब, अकराला चोरी होते, तेव्हा आम्ही तुमच्याचसमोर उकिडवे बसलेले असतो," पोपट म्हणाला.

दर सोमवारी गावातल्या सराईत चोरांनी चौकीत येऊन सही करायची, हा जगदाळ्यांचाच नियम. त्यासाठी पोपट पन्नाशीत अक्षरं गिरवायला शिकला. वर्षभर गावात एकही कुलूप तुटलं नव्हतं, आणि आता कुणी उपटसुंभ खुशाल घरं साफ करत होता. पोपटच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या सोमवारी तो पहिल्यांदाच उशिरा आला, एका परगावच्या धिप्पाड गड्याला कॉलरला धरून ओढत.

"अकराला पोलीस अन् चोर दोघंही चौकीत असतात. गाव मोकळं सापडतं," गड्यानं कबूल केलं.

"शाबास, पोपट!" जगदाळे खुलले. "बोल, काय बक्षीस देऊ?"

"ह्याचं नाव हजेरीत घाला. आम्ही सात जणांनी इथे गुडघे मोडून बसायचं, अन् ह्यानं एकट्यानं धंदा करायचा होय?" पोपटनं वही पुढे ओढली. "पण सगळ्यांत खाली लिहा. पहिली सही माझी असते."